अडीच वर्षांचा शब्द

माझी लेक ज्या देशाच्या पार्लमेंटात बसते तो देश उचलून बारामती आणि इंदापूरच्या मधे ठेवला, तरी भोवतीनं ऊस लावायला रान उरेल. हे गणित माझं नाही, आमच्या ह्यांचं आहे. नकाशावर तो देश मोहरीएवढासुद्धा दिसत नाही. कॅरिबियन समुद्रात डोंगराचं एक टेकाड वर आलंय, त्यावर दाट झाडी, कडेकडेनं घरं, आणि एवढ्याशा जागेत पंतप्रधान, मंत्रिमंडळ, विरोधी पक्षनेता, सगळं काही. पार्लमेंटात माणसं किती, तर आमच्याकडच्या एखाद्या कारखान्याच्या संचालक मंडळाएवढी. पंतप्रधान संध्याकाळी पावाच्या दुकानात रांगेत उभे असतात आणि नळाला पाणी का आलं नाही म्हणून लोक त्यांना तिथंच फैलावर घेतात. लेकीनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ह्यांनी हातातली चहाची बशी खाली ठेवली. म्हणाले, "पंतप्रधान रांगंत? मग त्याचं कार्यकर्ते काय करत्यात?"

कार्यकर्ता म्हणजे आमच्याकडे काय चीज असते हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. इथं पोर चालायला लागायच्या आधी कोण कुठल्या पॅनलचा हे ओळखतं. सोसायटी, दूध डेअरी, पतसंस्था, ग्रामपंचायत, कारखाना. वर्षात एखादी तरी निवडणूक लागली नाही तर माणसांना अन्न गोड लागत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, निम्मी नोकरी इंदापूर तालुक्यात झाली. दर निवडणुकीला ड्यूटी लागायची. लोकांच्या बोटांना शाई लावून लावून माझीच बोटं काळी व्हायची, आणि घरी यावं तर इथंही कोण येतंय नि कोण पडतंय याचीच चर्चा. मी वैतागून म्हणायचे, अहो, जेवताना तरी मतमोजणी थांबवा.

आमचं गाव कन्हेरीच्या बाजूला. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर उद्या दारात चार जण भांडायला येतील आणि त्यातले दोघे माझेच विद्यार्थी निघतील. तर आमच्याकडे एक रीत आहे. सरपंचपदाला दोघे तुल्यबळ निघाले, कुणीच मागं हटेना, की जाणती माणसं दोघांनाही देवळात नेऊन बसवतात आणि खुर्ची वाटून देतात. पहिली अडीच वर्षं ह्यानं बसायचं, मग मुकाट्यानं राजीनामा देऊन उठायचं, पुढची अडीच त्यानं बसायचं. दोघांनी बेलभंडारा उचलायचा, गूळ वाटायचा, झालं. गावात डोकी फुटत नाहीत. या व्यवहाराला कागद नसतो, नुसता शब्द असतो.

ह्यांचाही असाच शब्द झाला होता. पहिली अडीच वर्षं वरच्या आळीतल्या एका गृहस्थांची, पुढची ह्यांची. हे एवढे खुशीत, की पुण्याहून भगवा फेटा आणून कपाटात ठेवला. अडीच वर्षं सरली. गृहस्थ काही उठेनात. आधी म्हणाले पावसाळा होऊ द्या, मग म्हणाले लेकीचं लग्न होऊ द्या, मग जत्रा होऊ द्या. शेवटी एके दिवशी चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "कसला शब्द? कुणी दिला?" गावानं चक्क तोंडाला पानं पुसली ह्यांच्या. मी त्या दिवशी इतकी भडकले होते की त्या गृहस्थांच्या दारात जाऊन चार खडे बोल सुनावणार होते. ह्यांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, "त्यानं मोडला म्हणून शब्द वाईट होत न्हाय." मला त्या वेळी हे बोलणं निव्वळ बावळटपणाचं वाटलं. फेटा कपाटातच राहिला. दर दिवाळीला मी तो उन्हात घालायचे आणि दर दिवाळीला त्या गृहस्थांचा उद्धार करायचे.

आमची एकुलती एक लेक नर्सिंग शिकली, आधी आखातात गेली आणि तिथून नोकरी लागली म्हणून त्या बेटावर. तिथल्याच एका शाळामास्तराशी तिनं लग्न केलं. जावई रंगानं सावळा, उंच आणि अतिशय गोड गळ्याचा माणूस. मास्तर आहे म्हटल्यावर मी फार प्रश्न विचारले नाहीत. लेक तिथली नागरिक झाली. बेटाच्या पलीकडच्या अंगाला, डोंगराच्या पाठीमागं, जो एकच सरकारी दवाखाना आहे तिथं ती काम करते. त्या दवाखान्याला संध्याकाळी कुलूप लागायचं. दिवस मावळल्यावर एखादी बाई अडली की तिला घाट ओलांडून राजधानीला न्यायचं. लेकीनं घाटात, गाडीच्या मागच्या सीटवर बाळंतपणं केलीत. दोनदा तिला यश आलं नाही. त्या दोन्ही वेळी ती फोनवर माझ्याजवळ रडली होती, म्हणून मला ठाऊक.

मग एकदा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, मी उभी राहतेय."

"कुठं?"

"पार्लमेंटला. अपक्ष. दवाखान्याचं कुलूप काढायला दुसरा रस्ताच नाही गं. सगळ्यांना विचारून झालं, अर्ज करून झाले."

परका देश, परकी माणसं, आणि ही उठून निघाली निवडणुकीला. हे उसाला पाणी देऊन नुकतेच आले होते, पाय चिखलानं भरलेले. त्यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. धोका, भीती, काही नाही. पहिला प्रश्न, "भावकी किती हाय आपली तितं?"

"आप्पा, भावकी म्हणजे मी आणि तुमचा जावई."

"आणि पावणेरावळे?"

"त्याची आई आहे. पण ती दुसऱ्या वॉर्डात राहते."

ह्यांनी कपाळावर हात मारला. पण डोळे असे चमकत होते की मी ओळखलं, आता काही खरं नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं तर बापानंच बाशिंग बांधलं होतं.

दुसऱ्याच दिवशी आमच्या पडवीत प्रचार कार्यालय सुरू झालं. आमचे एक चुलत सासरे आहेत, सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. वय झालंय, दिसतं कमी, पण नुसत्या वाऱ्यावरून निकाल सांगतात. ते रोज दिवे लागायच्या सुमाराला येऊन बसायचे, कारण तेव्हा तिकडं सकाळ असते. लेक कामावर जाता जाता फोन लावायची आणि पडवीतून सल्ल्यांचा पाऊस पडायचा. ज्या घरात मयत झालंय तिथं आधी जा. विरोधकाच्या माणसाच्या घरी चहा प्यायल्याशिवाय उठू नकोस. कुणी दार लावून घेतलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात जा. आणि म्हाताऱ्या माणसांच्या पाया पड. लेक हसायची, पण ऐकायची. एका कोळ्याच्या आईच्या ती खरंच पाया पडायला वाकली. म्हातारीला वाटलं हिचं काहीतरी खाली पडलं. तीही शोधायला वाकली. मग कळल्यावर म्हातारीनं तिला जी मिठी मारली ती सोडेचना. "ही समदी मतं आली," आबा म्हणाले, आणि तंबाखूची चिमूट सोडली.

समोर उभे होते तिथले जुने मेंबर. किती निवडणुका जिंकले हे त्यांनाच आठवत नसेल. तो दवाखानाही त्यांनीच बांधलेला, रस्ताही त्यांचाच. माणूस वाईट नव्हता, पण वय झालेलं, गुडघे गेलेले, आणि रात्रीच्या दवाखान्याचा विषय काढला की म्हणायचे, बघू. ह्यांनी त्यांचं नाव म्हातारबा ठेवलं होतं. लेकीनं सांगितलं की लोक त्यांना मानतात, पण आता थकलेत असंही म्हणतात. मला वाटलं, होईल लढत चांगली. लेकीचा चेहरा उन्हानं रापला होता आणि मला तिचा फार अभिमान वाटत होता.

आणि नेमकी मी नरसिंहपूरला गेले. लेकीसाठी नरसिंहाच्या पायावर डोकं ठेवावं म्हणून शेजारच्या बायकांबरोबर सकाळीच निघाले, संगमावर पाय धुतले, दर्शन घेतलं, परत यायला संध्याकाळ टळून गेली. पडवीत पाहते तर हे आणि आबा समोरासमोर बसलेले, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर दूध पिऊन आलेल्या मांजराचं समाधान. मी म्हटलं, "काय केलंत?"

"काय न्हाय," हे म्हणाले. "जरा बोलणी केली."

"कुणाशी?"

आबा म्हणाले, "सूनबाई, पाणी आण आधी. लांबचा फोन हुता. घसा कोरडा पडलाय."

झालं होतं ते असं. तिथं उमेदवाराच्या पत्रकावर फोन नंबर असतो. जावयानं गंमत म्हणून दोन्ही उमेदवारांची पत्रकं पाठवली होती. ह्या दोघांनी म्हातारबांना सरळ व्हिडिओ कॉल लावला. ह्यांचं इंग्रजी खताच्या पोत्यावर छापलंय तेवढंच. पण इच्छा तिथं मार्ग. ह्यांनी आधी हात जोडले, आबांनीही जोडले. मग ह्यांनी म्हातारबांकडे बोट दाखवलं आणि दोन बोटं वर करून तिसरं मधोमध वाकवलं. अडीच. मग लेकीचा फोटो दाखवला आणि पुन्हा दोन बोटं आणि तिसरं वाकवलेलं. पुन्हा अडीच. "यू, अडीच. माय डॉटर, अडीच. नो फाइट. रिस्पेक्ट." आणि पुन्हा हात जोडले.

"आणि ते काय म्हणाले?"

"हसला म्हातारा," हे म्हणाले. "माणूस भला दिसतो. इचार करंल."

मी ओरडलेच. "अहो, देश आहे तो! पार्लमेंट आहे! तिथं खुर्ची वाटून घेत नाहीत, लोक मत देतात!"

"हितंबी देत्यातच की," आबा म्हणाले. "मत दिल्यावर वाटून घेत्यात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ह्यांनी तर बोटं मोजून दाखवली होती. म्हातारबांच्या शेजारी त्यांचा एक कार्यकर्ता उभा होता. कार्यकर्ते सगळीकडे सारखेच. त्यानं सगळं रेकॉर्ड केलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या रेडिओवर ते वाजलं, तिसऱ्या दिवशी बेटावरच्या प्रत्येक फोनमधे पोचलं. नर्सबाईंचा बाप भारतातून फोन करून आमच्या मेंबरला सौदा करायला सांगतोय. ही बाहेरची बाई मागच्या दारानं खुर्ची मागतेय.

लेकीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली. "आप्पांना सांग, मी चिडले नाही. पण आई, मी हरले तर चालेल. सौदा करणारी म्हणून हरले तर नाही चालणार. बाया मला दार उघडतात गं. रात्री नवरा घरात नसताना उघडतात. उद्या उघडतील का?"

हे ऐकत होते. उठून गोठ्याकडे गेले. मी मागोमाग गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तुमचं राजकारण, तुमचं पॅनल, तुमची अडीच वर्षं, आयुष्यभर त्या अडीच वर्षांनी तुम्हाला काय दिलं, एक फेटा, तोसुद्धा कसर लागू नये म्हणून मी जपतेय. हे म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. एवढंच म्हणाले, "मी त्याचा मान राखाया गेलो हुतो. म्हातारा माणूस पडू ने म्हणून." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही! पण त्यांचा आवाज फाटला होता, आणि मग माझाही राग तिथंच बसला.

तिथल्या रेडिओवर सकाळी एक कार्यक्रम असतो. लोक फोन करतात आणि पुढाऱ्यांना काय ते विचारतात, खुद्द पंतप्रधानांनाही सोडत नाहीत. लेकीला त्यात बोलावलं होतं. निवेदकानं विचारलं, तुमचे वडील बोलतील का? लेकीनं तिथूनच आम्हाला फोन जोडून दिला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, द्या इकडे तो फोन. चौथीच्या पोरांना शिकवलेलं इंग्रजी, पण शिकवलं होतं ठणठणीत.

मी बोलले ते असं. "नमस्कार. मी नर्सबाईंची आई. तुम्ही ऐकलेला माणूस माझा नवरा. त्यानं पैसा दिला नाही, मागितला नाही, त्यानं हात जोडले. आमच्या गावात दोन माणसं एका खुर्चीसाठी भांडायला लागली की वाटून बसतात. थकल्या माणसाला पाडायचं नाही, मानानं उठवायचं, असं त्याला वाटतं. ही रीत आमची आहे, तुमची नाही, आणि त्यानं मुलीला न विचारता ती तुमच्या दारात नेली, ही त्याची चूक. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. मी स्वतः लोकांच्या बोटांना शाई लावलेली बाई आहे. मत वाटून घेता येत नाही, हे मला कळतं. तुम्ही तिला मत द्या नाहीतर देऊ नका. पण रात्री तिनं दार वाजवलं तर उघडा. आणि माझ्या नवऱ्याला शिक्षा करायची काळजी तुम्ही करू नका, ती इथं रोज चालू आहे."

निवेदक हसायला लागला. त्यानंतर पहिला फोन आला तो त्या कोळ्याच्या आईचा. ती म्हणाली, "माझं दार उघडं आहे." मी फोन ठेवला आणि बघते तर पदर घामानं चिंब. ह्यांनी स्वतः उठून मला पाणी आणून दिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच.

निकालाच्या सकाळी आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो. आबांनी गुलालाचं पोतं आधीच आणून ठेवलं होतं. पडवी माणसांनी भरली. तिकडं मतमोजणी चालू, इकडं दूध डेअरीला घालून माणसं सरळ आमच्याकडे. लेक पडली. थोडक्यात पडली, एका वस्तीएवढ्या मतांनी, पण पडली. आबा काठी टेकत उठले आणि म्हणाले, "पैल्याच खेपंला एवढी मतं परमुलखात! हितं चार पिढ्या ऱ्हाऊन डिपाझिट जातंय एकेकाचं." आणि खरंच सांगते, मला पोरगी पडल्याचं दुःख झालं, पण लाज कणभर वाटली नाही. लेक त्याच दिवशी म्हातारबांच्या घरी गेली, त्यांच्या पाया पडली, आणि दुसऱ्या सकाळी दवाखान्यात कामावर हजर झाली. दारं उघडत राहिली.

पण अडीच हा शब्द मात्र त्या बेटावर मुक्कामाला राहिला. आमची लेक बाजारात गेली की भाजीवाल्या बाया ओरडायच्या, "अडीच!" दोन पपया घेतल्या तर अर्धी कापून वर टाकायच्या आणि खो खो हसायच्या. जावयाच्या शाळेतली पोरं खेळताना डाव वाटून घेताना अडीच म्हणायची. लेक हे सांगायची तेव्हा हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. निवडणुकीचा विषय त्यांनी टाकलाच होता. सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनलची माणसं घरी येऊन गेली, ह्यांनी दोघांनाही चहा पाजला आणि वाटेला लावलं. मला वाटायचं, बरं झालं, सुटलो एकदाचे. पण घर मुकं झालं होतं, हेही खरं.

असेच दिवस गेले. एका संध्याकाळी मी वांगी चिरत होते, हे रेडिओला कान लावून बाजारभाव ऐकत होते. फोन वाजला. परदेशातला नंबर, पण लेकीचा नव्हता. पडद्यावर एक म्हातारा माणूस, पांढरे केस, मागं समुद्र. मी ओळखलं आणि विळी बाजूला सारली.

त्यांनी विचारलं, "मिस्टर अडीच घरात आहेत का?"

ह्यांना मी ओढत आणलं. म्हातारबा इंग्रजीत बोलत होते, थांबून थांबून, मला कळावं म्हणून, आणि मी एकेक वाक्य ह्यांना सांगत होते. ते म्हणाले, "आज सकाळी मी राजीनामा दिला. तुम्हाला आधी सांगावं म्हणून फोन केला. हिशेब केला, अडीच वर्षं झालीत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नीट ऐकलं ना, असं. मग हे म्हणाले, "त्यास्नी म्हणावं, तुमी शब्द दिला न्हवता. तुमी निस्तं हसला हुता. मग उठला कशापायी?"

मी विचारलं. म्हातारबा म्हणाले, "इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसलो. विरोधक म्हणायचे तुम्हाला खाली ओढू. माझी माणसं म्हणायची मरेपर्यंत बसा. हात जोडून, आता मानानं उठा असं सांगणारा एकच माणूस भेटला, आणि तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हा मी हसलो. पण सकाळी गुडघे धरून उठताना तुमचं ते वाकवलेलं बोट आठवायचं. एक सांगतो, मी तुमच्या मुलीला खुर्ची देत नाही. ती माझी नाहीच. मी फक्त उठलोय. मतं तिची तिनं मिळवावीत."

मी हे सगळं ह्यांना सांगितलं. ह्यांनी फोनसमोर हात जोडले, आणि ते जोडलेले हात कितीतरी वेळ खाली आलेच नाहीत.

पोटनिवडणूक लागली. या खेपेला पडवीतून एकही सल्ला गेला नाही. आबांनी दोनदा तोंड उघडलं, मी दोनदा त्यांच्या पुढ्यात खाऊ ठेवला. म्हातारबांच्या पक्षानं एक तरुण वकील उभा केला होता. लेक चांगल्या मतांनी निवडून आली. आबांना फार वाटत होतं की बिनविरोध व्हावी. मी म्हटलं, नकोच बिनविरोध, मोजून घेतलेली मतं आहेत माझ्या लेकीची. त्या दवाखान्याला आता संध्याकाळी कुलूप लागत नाही. त्यासाठी तिला आणखी बरंच भांडावं लागलं, पण ते झालं.

शपथविधी तिकडं सकाळी होता, म्हणजे आमच्याकडे दिवेलागणीला. जावयानं फोनवरून दाखवायचं ठरवलं, आणि पुतण्यानं तो फोन टीव्हीला जोडून दिला. अख्खं गाव लोटलं. बायका स्वयंपाकघरापासून पडवीपर्यंत, पुरुष अंगणात, पोरं झाडावर. ह्यांनी कपाट उघडून फेटा काढला. आबांनी तो चाचपत बांधून दिला, जरा वाकडाच बसला.

टीव्हीसमोर घरातली एकच धड खुर्ची होती. गर्दीत कोण कुठं बसलंय हे मी पाहिलंच नव्हतं. पाहिलं तर त्या खुर्चीवर वरच्या आळीतले ते गृहस्थ. आता तेही म्हातारे झालेत. गावाबरोबर आले होते, कुणीतरी वडीलधारे म्हणून बसवलं असणार. माझ्या जिभेवर बरंच काही आलं. ह्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले, फेट्यासकट.

पडद्यावर लेक आली. हिरवं इरकल नेसली होती, माझं. हात वर करून तिनं शपथ घेतली, आणि आवाज असा खणखणीत लागला की आबा म्हणाले, "मास्तरणीची हाय." समोरच्या बाकावर पंतप्रधान बसले होते, पावाच्या दुकानातल्या रांगेतले. सगळे टाळ्या वाजवत होते. मग जावयानं फोन फिरवला. प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत म्हातारबा काठीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी फोन पाहिला, काठी मांडीवर आडवी ठेवली, आणि आमच्याकडे बघून दोन बोटं वर केली. तिसरं मधोमध वाकवलं.

अंगणात एकच ओरडा झाला. पोरं झाडावरून किंचाळली, कुणीतरी ते जुनं गुलालाचं पोतं फोडलं. हे भिंतीला टेकून उभे होते, डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. तेवढ्यात वरच्या आळीतले गृहस्थ खुर्चीवरून उठले. हातानं खुर्चीची पाठ झटकली, ह्यांच्याकडे न बघताच म्हणाले, "बसा. तुमची हाय."

सगळ्यांदेखत म्हणाले, चावडीवर म्हणाले होते तसंच.

हे जाऊन बसले. मी चहा टाकायला आत गेले. मला रडायचं होतं, आणि ते मला त्या गृहस्थांना दाखवायचं नव्हतं.